किनाऱ्याचा सातबारा



आज आरंभालाच मी तुम्हाला एक प्रश्न विचारणार आहे. तुमच्या गावच्या किनाऱ्याचा सातबारा कोणाच्या नावावर आहे?

भातखाचराचा उतारा तुमच्या पेटीत घडी करून ठेवलेला असेल. नारळी-पोफळीच्या वाडीचा असेल, पानमळ्याचाही असेल. पण ज्या वाळूवर तुमच्या घरच्या बाया जवळा वाळत घालतात ती वाळू कोणाची? ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरून ज्या चिंबोऱ्या नि निवट्या धरता तो चिखल कोणाचा? गावाच्या मागे भरतीचे पाणी जिथे पसरते ते खाजण, त्यातला तिवर, ही कोणाची दौलत? कोणी म्हणेल सरकारची, कोणी म्हणेल सगळ्यांची. एखादी म्हातारी म्हणेल, "दर्याची." तिघांचेही थोडेथोडे खरे आहे. परंतु जी वस्तू सगळ्यांची, तिची राखण करायला पुष्कळदा कोणीच नसते, हाही आपला अनुभव आहे. म्हणून सगळ्यांच्या जमिनीला राखणदार कसा नेमावा, याविषयी चार गोष्टी आज बोलू.

पालघर जिल्ह्याचा किनारा डोळ्यांपुढे आणा. केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटी, मुरबे, नांदगाव, आलेवाडी, नवापूर, दांडी, तारापूर, चिंचणी, वाढवण आणि पुढे डहाणू. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाड्या, त्यांच्या पाठीशी भातशेती आणि तिच्याही पलीकडे आदिवासी पाडे. मांगेला, वैती, कोळी, भंडारी, वाडवळ, वारली अशी कितीतरी माणसे या अरुंद पट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. याच पट्टीवर १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र तारापूरला सुरू झाले. बोईसरला कारखान्यांची वसाहत उभी राहिली. पुढे अणुवीज केंद्राची वाढ झाली तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठून दुसरीकडे गेली. वीज आली, रोजगार आला, हे कोणी नाकारणार नाही. पण किनाऱ्याची जागा कमी होत गेली, आणि खाडीच्या पाण्याचा रंग बदलला की पहिला फटका होडीवाल्याला बसतो, हेही तितकेच खरे. तारापूरच्या सांडपाण्याचे गाऱ्हाणे राष्ट्रीय हरित लवादापुढे नेले ते मच्छीमारांच्याच संघटनेने. ज्याचे पोट खाडीवर, त्याचेच लक्ष खाडीवर असते.

आता हा किनारा आपल्यासाठी काय करतो ते पाहा. शिक्षक मंडळींनी हा भाग ध्यानात ठेवावा. वर्गात उपयोगी पडेल.

तिवराचे झाड खाऱ्या पाण्यात उभे राहते. दुसरे कुठलेही झाड तिथे चार दिवसांत माना टाकील. तिवर खारे पाणी शोषतो आणि नको असलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकतो. तिवराचे पान जिभेला लावून पाहा, खारट लागेल. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून त्याची मुळे पेन्सिलींसारखी चिखलातून वर डोके काढून श्वास घेतात. कांदळाची तऱ्हा आणखी निराळी. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते. लांब शेंगेसारखे कोंब फांदीला लोंबत राहतात, आणि पुरे वाढले की खाली पडून चिखलात रुततात. जणू आई लेकराला पायावर उभे करूनच घराबाहेर पाठवते. याच मुळांच्या जाळीत कोळंबीची, बोयांची, चिंबोऱ्यांची पिल्ले लपतात, वाढतात आणि मोठी होऊन बाहेर पडतात. भरतीबरोबर येणारा गाळ मुळे धरून ठेवतात. लाटेचा जोर झाडांच्या गर्दीत मोडतो आणि मागचा बांध वाचतो. तिवर तोडून खाजण भरले, तर जागा मिळते खरी. पण पिल्लांचे घर जाते, आणि पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीचे पाणी जायला वाट शोधते. ती वाट कोणाच्या तरी अंगणातूनच जाते.

वाळूच्या किनाऱ्याचे तसेच आहे. वाळूवर जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली तुम्ही पाहिली असेल. तिचे नाव मर्यादवेल. वाळू उडून जाऊ नये म्हणून ती धरून ठेवते. नाव कोणी ठेवले ठाऊक नाही, पण ठेवणारा शहाणा होता. समुद्राने इथपर्यंत यावे आणि माणसाने तिथपर्यंत जावे, याची मर्यादा दाखवणारी ती वेल. आपण वेल उपटली, वाळू उपसली, त्या जागी सुरू लावला. सुरूची सावली गोड खरी. परंतु समुद्र पुढे सरकला की वाळू निसटते आणि सुरू मुळासकट आडवा होतो. सातपाटीसारख्या गावांना आज दगडी बंधाऱ्याच्या आडोशाने राहावे लागते. दगडाचा बंधारा दरसाल डागडुजी मागतो. वेल आणि तिवर आपली डागडुजी आपणच करतात.

कोणी म्हणेल, "यासाठी कायदे आहेत की!" आहेत, आणि चांगले आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभर तिवर तोडायला बंदी केली. सरकारी जागेवरचे कांदळवन संरक्षित वन म्हणून नोंदवावे असे सांगितले. २०१२ साली वन खात्याने कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष काढला. त्याच्याही आधी, २० जून १९९१ रोजी, केंद्र सरकारने सबंध डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला आणि तिथल्या उद्योगांसाठी ५०० एकरांची मर्यादा घातली. ती पाळली जावी म्हणून १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने एक प्राधिकरण नेमायला लावले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते आणि त्यांनी ते काम वर्षानुवर्षे निष्ठेने केले. या प्राधिकरणाने १९९८ साली वाढवणच्या बंदराला नकार दिला. न्यायमूर्ती २०१९ साली गेले. पुढे जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने नव्या बंदराला काही अटींवर परवानगी दिली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला त्याची पायाभरणी झाली.

बंदर व्हावे की न व्हावे, हा आजच्या भाषणाचा विषय नव्हे. त्यावर गावागावात दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसे आहेत. मला यातून एवढेच दाखवायचे आहे की, वरून आलेले संरक्षण वरच्या निर्णयावर उभे असते. एका वेळी नकार आला, दुसऱ्या वेळी होकार आला. दोन्ही वेळा गावाने अर्ज केले, मोर्चे काढले, सुनावणीला माणसे गेली. पण किल्ली गावाच्या हाती नव्हती. कायदा कुंपण घालून देतो. राखण मात्र ज्याचे घर जवळ त्यालाच करावी लागते.

मग गावाच्या हाती किल्ली यायची कशी? त्यासाठी विश्वस्त ही कल्पना नीट समजून घ्यावी लागेल.

विश्वस्त म्हणजे मालक नव्हे. मालकाला वस्तू विकता येते, मोडता येते. विश्वस्ताला ती सांभाळावी लागते आणि पुढच्याच्या हाती जशीच्या तशी द्यावी लागते. देवळाच्या दिव्याच्या तेलासाठी लावून दिलेली जमीन पुजाऱ्याला विकता येत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. तोच न्याय खाजणाला, वाळूला, तिवराला लावायचा. समुदायाची जमीन समुदायासाठी कायमची राखून ठेवायची.

ही परदेशातून आलेली कल्पना आहे असे कोणी समजू नये. आपल्या कोकणातल्या गागोद्याला १८९५ साली जन्मलेले विनोबा भावे १९५१ साली तेलंगणात पोचमपल्लीला गेले आणि तिथे भूदान सुरू झाले. पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या मंगरोठ गावाने सारी जमीन गावाच्या नावे केली. ते पहिले ग्रामदान. ग्रामदानात शेतकऱ्याची वहिवाट जात नाही. तो कसतो, त्याचा मुलगा कसतो. मालकी तेवढी गावाकडे जाते आणि विसावा हिस्सा भूमिहीनासाठी निघतो. जमीन गावाबाहेर विकली जात नाही. महाराष्ट्राने त्यासाठी १९६४ साली कायदाही केला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा गावाने २०१३ साली, म्हणजे अगदी अलीकडे, या कायद्याचा आधार घेऊन ग्रामदान केले. त्याआधी वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क त्याच गावाने मिळवला होता.

आता गंमत ऐका. ग्रामदानाची ही वार्ता अमेरिकेत पोचली. तिथे जॉर्जिया राज्यातल्या काळ्या शेतकऱ्यांना जमिनीवरून हाकलले जात होते. त्यांच्यातल्या काही कार्यकर्त्यांनी १९६९ साली सुमारे ५,७०० एकरांची सामुदायिक भूविश्वस्त संस्था उभी केली. आज जगभर अशा शेकडो संस्था आहेत, आणि त्यांच्या इतिहासाच्या पहिल्या पानांत विनोबांच्या ग्रामदानाचे नाव येते. बी इथले, झाड तिकडे वाढले. मात्र या गोष्टीचा उत्तरार्धही सांगायला हवा. दुष्काळ पडला, सरकारी कर्ज वेळेवर मिळाले नाही आणि १९८५ साली ती जमीन कर्जापायी हातची गेली. संस्था कितीही पवित्र असो, तिची जमीन गहाण पडली की विश्वस्ताचेही काही चालत नाही. पहिला धडा हाच: राखायच्या जमिनीवर कर्ज काढायचे नाही.

दुसरा दाखला इंग्लंडचा. विनोबा जन्मले त्याच १८९५ साली तिथे राष्ट्रीय न्यास निघाला. त्याला मिळालेली पहिली जमीन समुद्रकाठचीच होती. वेल्समधल्या बारमथ गावाच्या डोक्यावरची साडेचार एकर टेकडी एका बाईने दान दिली. पुढे १९०७ साली कायदा झाला आणि न्यासाने एकदा राखीव म्हणून जाहीर केलेली जमीन विकता येईनाशी झाली. १९६५ साली त्यांनी किनारा विकत घेऊन राखण्यासाठी खास वर्गणी सुरू केली. साडेचार एकरांपासून आरंभ झाला, हे लक्षात ठेवा. आरंभाला तालुका लागत नाही.

आता आपल्या गावाकडे परत येऊ. हे आपल्याला जमेल का? मला वाटते, जमेल. कारण अर्धे काम आपल्या अंगवळणीच पडलेले आहे. सातपाटीला मच्छीमारांच्या सहकारी संस्था कित्येक वर्षे चालत आल्या आहेत. बर्फ, डिझेल, मासळीची विक्री यांचा हिशेब ठेवायची सवय त्या गावाला आहे. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायच्या आणि नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्यावरच पाण्यात घालायच्या, ही मर्यादा कायदा येण्याच्या पुष्कळ आधीची. सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै आहे. पण ती आणखी लांबवा असे म्हणणारे मच्छीमारच आहेत. २०२३ साली पापलेटाला राज्यमाशाचा मान मिळाला. आपली पापलेटे लहान होत चालली, पिल्ले धरू नका, ही ओरड त्याच्या कितीतरी आधीपासून याच किनाऱ्यावर होत होती. माशासाठी जे शहाणपण आहे तेच जमिनीसाठी वापरायचे.

काम कसे करावे? मी क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, नकाशा. तलाठ्याकडून गावाच्या किनाऱ्याचे उतारे काढा. सरकारी कोणते, गुरचरण कोणते, खाजगी खातेदाराचे कोणते, वन खात्याचे कोणते, हे रंग देऊन गावनकाशावर दाखवा. पुष्कळ ठिकाणी गावाला हेच माहीत नसते, आणि माहिती नसलेली जमीन सगळ्यांत आधी जाते.

दुसरी गोष्ट, जशी जमीन तसा उपाय. सरकारी कांदळवन गावाला आपल्या नावावर करता येणार नाही. ते वनच राहील. पण २०१७ पासून राज्याची एक योजना आहे. तिच्याखाली गावाची कांदळवन सहव्यवस्थापन समिती होते. समितीने तिवर राखायचा आणि त्याच्या आधाराने खेकडेपालन, कालवे किंवा शोभेच्या माशांची पैदास असे उद्योग करायचे. खर्चाचा मोठा वाटा शासन उचलते. खाजगी खातेदार राजी असेल, तर त्याच्या जमिनीसाठी वन्यजीव कायद्यात समुदाय राखीव क्षेत्राची सोय आहे. तिथे जमीन खातेदाराचीच राहते आणि देखरेख गावच्या समितीची असते. एखाद्याने जमीन दानच द्यायची म्हटली, तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला सार्वजनिक न्यास करावा लागेल. अशा न्यासाची जमीन आयुक्तांच्या परवानगीवाचून विकता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत समिती असायला हवी आणि लोकांची जैवविविधता नोंदवही लिहिलेली हवी. ती वही कपाटात असेल तर बाहेर काढा. कोरी असेल तर भरा.

इथे एक इशारा. आदिवासी खातेदाराची जमीन सरकारी परवानगीशिवाय बिगर आदिवासीच्या नावावर होत नाही, मग घेणारी संस्था कितीही सत्कार्य करणारी असो. हे बंधन त्याच्या रक्षणासाठी आहे. निसर्गाच्या नावाने ते वाकवू नये. डहाणू तालुका सगळा आणि पालघर तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे ग्रामसभेला विचारल्यावाचून एक पाऊलही टाकू नये.

तिसरी गोष्ट, आणि ही सर्वांत महत्त्वाची: माणसे. एक बाई ओहोटीला खाजणात उतरते. चार निवट्या, थोडी कालवे, जाताना जळणाला वाळकी फांदी. तिच्या नावावर काहीच नाही. उद्या तुमच्या न्यासाने खाजणाला तार घातली आणि पाटी लावली, "आत येण्यास मनाई." मग राखले कोणासाठी? बाईला बाहेर ठेवले, तर ती रात्री येईल आणि ओली फांदी तोडील. दोष तिचा नसेल. त्यापेक्षा तिलाच विचारा. कालवे कुठल्या महिन्यात घेऊ नयेत, चिंबोरी कुठे अंडी धरते, हे तिला पंचायतीपेक्षा जास्त माहीत आहे. तिला समितीवर बसवा. जळणाची दुसरी सोय करा, आणि मग तीच खाजणाची राखणदार होईल.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाची गोष्ट याच जातीची आहे. तिथे समुद्रकासवांची अंडी काढून नेत असत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांनाच बरोबर घेऊन घरटी राखायला आरंभ केला. पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहायला माणसे येऊ लागली, घरोघरी त्यांची राहण्या-जेवणाची सोय झाली आणि गावाला चार पैसे मिळू लागले. आपल्याकडेही, जाळ्यात कासव अडकले आणि जाळे कापून त्याला सोडले, तर २०१८ च्या योजनेप्रमाणे रुपये २५,००० पर्यंत भरपाई मिळू शकते. राखणाऱ्याचे पोट मारून राखण होत नाही, हे आता सरकारनेही मानले आहे.

तुमच्यातला कोणी शंका काढील. परवाच एका ओट्यावर ती ऐकली. एक म्हातारे बाबा शाळेच्या गुरुजींना म्हणत होते, "गुरुजी, संस्था म्हंजे पुन्हा त्येच चार शहाणे! आज सरकारची जागा, उद्या त्यांची. आमाला काय?"

गुरुजींनी उत्तर दिले, "बाबा, तुमचं खरं आहे. म्हणूनच कागद आधी तुम्हाला वाचून दाखवायचा आणि मग सही."

या उत्तरात सगळे आले. अमेरिकेतल्या त्या संस्थांनी एक चांगली रीत घातली आहे. कारभारी मंडळाचे तीन भाग: एक भाग त्या जमिनीवर जगणाऱ्यांचा, एक शेजारच्या गावकऱ्यांचा आणि एक जाणकारांचा. आपण त्यात आपली भर घालू. निम्म्या बाया असाव्यात. पाड्यावरचा माणूस असावा. कारभारी ठराविक वर्षांनी बदलावेत. आणि दरसाल हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचावा, ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळेल असा.

शेवटचा शब्द शिक्षकांसाठी. गुरुजी, बाई, तुमच्या हाती फार मोठे काम आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, मुलांना किनाऱ्यावर न्या. शाळेच्या किंवा देवळाच्या कोपऱ्यापासून भरतीच्या रेषेपर्यंत दोरीने अंतर मोजा आणि तारखेसह वहीत मांडा. तिवर, कांदळ, चिपी, मारांडी यांची पाने ओळखायला शिकवा. आजी-आजोबांना विचारून जुन्या जागांची नावे लिहून घ्या. दहा वर्षांनी ती वही गावाचा पुरावा होईल. किनारा किती खचला, तिवर किती वाढला, हे सुनावणीत सांगायला बाहेरचा तज्ज्ञ बोलवावा लागणार नाही. चौथीतल्या मुलांनी मोजलेले अंतर पुरेल.

मंडळी, आरंभीचा प्रश्न पुन्हा विचारतो. तुमच्या किनाऱ्याचा सातबारा कोणाच्या नावावर आहे? कागदावर काहीही असो, पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. एक खाजण निवडा, साडेचार एकरांचे असले तरी चालेल. त्याचा नकाशा काढा, त्यात उतरणाऱ्या बाईला बोलवा, आणि तिच्यासमोर ठरवा की हे विकायचे नाही, भरायचे नाही, गहाण टाकायचे नाही. मर्यादवेल अशीच वाढते. एका डोळ्यापासून निघते आणि पाहता पाहता सारी वाळू धरून ठेवते.